वाचनालयाच्या वेबसाइटवर काय हवं, हे नेमकं कसं विचारावं

वाचनालयाची वेबसाइट करायला घेतली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. डेव्हलपर नमुन्याची लिंक पाठवतो. कार्यवाह ती कार्यकारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, 'सर्वांनी कृपया सूचना कराव्यात.' दोन-तीन अंगठे येतात, एक 'छान', एक 'अभिनंदन' आणि एका विश्वस्तांचं 'लोगो जरा मोठा करा'. साइट सुरू होते. मग देवघेवीच्या टेबलावरून तक्रार येते, की ऑनलाइन वर्गणी जमा झालेली दिसते, पण ती कोणत्या सभासदाची हेच कळत नाही.

ही तक्रार आधीच कळू शकली असती. त्यासाठी कुणाला, काय दाखवून, कोणत्या क्रमाने विचारायचं ते या लेखात आहे. उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय घेऊ. त्याला सहा सोयी करायच्या आहेत: पुस्तक शोध, पुस्तक राखून ठेवणं, वर्गणी भरणं, दिवाळी अंक योजनेची नोंदणी, अभ्यासिकेतली जागा आणि कार्यक्रमांच्या सूचना. शाळा, पतसंस्था किंवा गृहनिर्माण संस्था असेल तर सोयी बदलतील, क्रम बदलायचं कारण नाही.

टप्पा १ : अडलेले निर्णय आधी कागदावर घ्या

'साइट कशी वाटली?' या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं, कारण त्यावर कुठलाच निर्णय अवलंबून नसतो. म्हणून कुणालाही भेटण्याआधी प्रत्येक सोयीपुढे, ज्याच्या उत्तराने काम बदलेल असा एक-एक प्रश्न लिहा.

१. पुस्तक शोध : पुस्तक संग्रहात आहे एवढंच दाखवायचं, की ते आत्ता कपाटात आहे की बाहेर गेलंय हेही?
२. आरक्षण : राखलेलं पुस्तक किती दिवस बाजूला ठेवायचं आणि ते कपाटातून काढणार कोण?
३. वर्गणी : पावती साइटने द्यायची, की कार्यालयाने नेहमीच्या पावतीपुस्तकातून?
४. दिवाळी अंक योजना : नोंदणी ऑनलाइन घ्यायची, की फक्त अंकांची यादी आणि रक्कम जाहीर करायची?
५. अभ्यासिका : जागा रोजची द्यायची की महिन्याची?
६. कार्यक्रम : मजकूर कोण टाकणार आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण?

जे ठरून गेलंय ते विचारू नका. साइटचं नाव विकत घेऊन झालं असेल तर त्यावर मतं मागवणं म्हणजे लोकांना उगाच कामाला लावणं. काही गोष्टी तर मतावर सोडायच्याच नसतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) हे सगळ्यात ठळक उदाहरण. वेबवरच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ सांगितलंय आणि ते मोजायची फुकट साधनं मिळतात. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं अध्यक्षांना आवडली म्हणून मोतीबिंदू झालेल्या सभासदाला ती वाचता येतील असं नाही. हे मोजून ठरवा, विचारून नको.

*तपासा:* प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःला विचारा, 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, मी तेच करणार आहे का? उत्तर होकारार्थी असेल तर तो प्रश्न खोडा.

टप्पा २ : माणसांची यादी, हुद्द्यांप्रमाणे नव्हे तर कामाप्रमाणे

कार्यकारी मंडळाची यादी तयार असते म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मंडळातले किती जण स्वतः पुस्तक बदलायला टेबलाशी उभे राहतात, ते एकदा बघा. यादी चार बाजूंनी करा: साइट वापरणारे, साइटमुळे ज्यांचं काम बदलेल ते, पैशांचा हिशेब ठेवणारे आणि निर्णय घेणारे.

वापरणाऱ्यांना 'सभासद' या एका शब्दात कोंबू नका. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ, रविवारीच येऊ शकणारे नोकरदार, बालविभागातल्या मुलांचे पालक आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं या चौघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय पाचवा एक गट कायम सुटतो, वर्गणी थकवून यायचे बंद झालेले. ते ग्रुपवर नसतात, वाचनालयात दिसत नाहीत, पण का थांबले हे त्यांनाच ठाऊक असतं. सभासद नोंदवहीतून अशा तीन-चार जणांचे नंबर काढून फोन करा.

ज्यांचं काम बदलणार, त्यांत ग्रंथपाल आणि लिपिक लक्षात राहतात, शिपाई राहत नाही. राखून ठेवलेलं पुस्तक रॅकवरून टेबलापर्यंत आणणारा बहुधा तोच असतो.

पैशांच्या बाजूला खजिनदारांबरोबर लेखापरीक्षकांनाही धरा. 'देणगी द्या' हे बटण सगळ्यांना हवं असतं. परगावी, परदेशी गेलेल्या गावकऱ्यांची नावंही लगेच निघतात. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाकडून देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, मग तो माणूस मूळचा याच गावचा का असेना. पैसे खात्यात आल्यावर हे कळण्यापेक्षा बटण साइटवर लावण्याआधी लेखापरीक्षकांना फोन केलेला परवडतो.

प्रत्येक गटातून किती माणसं घ्यावीत? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला 'पाच जणांचा' हिशेब बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पाच जणांना वापरायला दिलं तर बहुतांश अडचणी बाहेर येतात, असं ते म्हणतात. तो हिशेब एकसारख्या वापरणाऱ्यांच्या गटाचा आहे. पाच विश्वस्तांना दाखवून अभ्यासिकेतल्या मुलांच्या अडचणी कळणार नाहीत. गट फारच वेगळे असतील तर प्रत्येकी तिघं-चौघंही पुरतात.

शेवटचं नाव सर्वांत महत्त्वाचं: अंतिम शब्द कुणाचा? हे एकच नाव हवं. मंडळाच्या बैठकीत साधा ठराव करून घ्या, की वेबसाइटच्या सोयींबाबत निर्णय कार्यवाह घेतील आणि ठरलेल्या रकमेपलीकडे खर्च जाणार असेल तरच विषय मंडळासमोर येईल.

*सावधान:* हा ठराव झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. निर्णय घेणारा ठरलेला नसला की शेवटचं बोलणाऱ्याचं मत टिकतं आणि पुढच्या बैठकीत शेवटचं बोलणारा दुसराच असतो.

टप्पा ३ : दाखवायचं साहित्य, मुद्दाम कच्चं

रंगीत, चकचकीत नमुना दाखवला की लोक रंगावरच बोलतात. त्यात त्यांचा दोष नाही, समोर तेच असतं. पहिल्या फेरीला काळ्यापांढऱ्या चौकटी पुरेत. कागदावर हाताने काढलेल्या असल्या तर आणखी बरं, कारण अर्धवट दिसणाऱ्या गोष्टीत माणूस मोकळेपणाने खाडाखोड सुचवतो. तयार वाटणाऱ्या गोष्टीला नावं ठेवायला तो संकोचतो.

चौकटी कच्च्या असू द्या, पण आतली माहिती खरी हवी. दाखल नोंदवहीतून तीस-चाळीस नोंदी घ्या आणि त्यात अवघड नोंदी जाणूनबुजून घाला: अनेक खंडांचा ग्रंथ, एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं, लेखकाचं नाव नसलेला जुना ग्रंथ, बाद केलेली प्रत, दिवाळी अंक. 'पुस्तक १', 'पुस्तक २' अशा नमुन्याच्या नावांवर शोधाची सोय नेहमी छानच चालते.

मराठी शोधाचं जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. 'ॲ' हे अक्षर काही कीबोर्डवरून एका चिन्हाने उमटतं, तर काहींवरून 'अ' आणि वरची चंद्रकोर अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. कुणी 'हिंदी' लिहितं, कुणी 'हिन्दी'. आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या लेखकांची नावं कुणी टिंबं देऊन, कुणी टिंबांशिवाय, कुणी मध्ये जागा सोडून लिहितं. सूचीत आडनाव आधी असतं, वाचक मात्र नाव आधी टाकतो. बरेच सभासद मराठी शब्द रोमन अक्षरांतच टाइप करतात. त्यातून वाचनालयाची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय शोधात काहीच सापडणार नाही. या सगळ्याचा एकेक नमुना तुमच्या तीस-चाळीस नोंदींत हवा. नाहीतर सभासद 'शोध चालत नाही' एवढंच सांगेल आणि नेमकं काय चाललं नाही ते तुम्हालाही कळणार नाही.

नमुना लॅपटॉपवर नेऊ नका. तो समोरच्याच्या स्वतःच्या फोनवर उघडा. त्याने फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलेली असतील तर बटणं एकमेकांवर चढतात का, हे तिथेच दिसेल.

*तपासा:* प्रत्येक नमुन्याच्या तळाशी क्रमांक आणि तारीख आहे ना? 'नमुना २' वर आलेली सूचना 'नमुना ४' ला लावत बसायची वेळ यायला नको.

टप्पा ४ : प्रश्न लिहून न्या

जागेवर सुचेल ते विचारू म्हटलं की 'चांगलं आहे ना?' हेच तोंडून निघतं. आणि आपल्याकडे समोर बसलेल्या माणसाला, त्यातून तो चहा पीत असेल तर, 'नाही' म्हणत नाहीत.

*पुढचं नको, मागचं विचारा.* 'ऑनलाइन आरक्षण सुरू केलं तर वापराल का?' याला जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारा, 'मागच्या वेळी हवं असलेलं पुस्तक मिळालं नाही, तेव्हा काय केलंत?' कुणी म्हणेल, दुसरं घेतलं. कुणी म्हणेल, लिपिकाला चिठ्ठी लिहून दिली होती. कुणी म्हणेल, तसं कधी झालंच नाही. तिसरं उत्तर बऱ्याच जणांकडून आलं तर आरक्षणाची सोय यादीत खाली जाते.

*मागणी आली की तिच्यामागचं काम विचारा.* 'आपलं ॲप पाहिजे' ही मागणी हटकून येते. तिच्याशी वाद घालू नका, ती लिहून घ्या आणि विचारा, 'ॲप असतं तर या आठवड्यात त्यावर काय केलं असतं?' 'पुस्तक परत करायची तारीख लक्षात राहत नाही' असं उत्तर आलं, तर गरज आठवणीच्या संदेशाची आहे. ॲपचा खर्च वाचला.

*नसेल तर काय, हेही विचारा.* जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक सोयीबद्दल दोन प्रश्न असतात: ही सोय असेल तर कसं वाटेल आणि नसेल तर कसं वाटेल. त्यांची पूर्ण कोष्टकं एवढ्याशा कामाला जड होतात, पण दुसरा प्रश्न जरूर उचला. 'दिवाळी अंक योजनेची नोंदणी साइटवर नसेल तर काय कराल?' यावर 'येऊन करू, नेहमी तसंच करतो' असं येतं, की 'मग राहूनच जाईल' असं, यात सगळा फरक आहे.

*एका प्रश्नात एकच गोष्ट.* 'शोध आणि वर्गणी भरणं सोपं वाटलं का?' याचं 'हो' कशाला आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

*कर्मचाऱ्यांना सोयीबद्दल नको, त्यांच्या दिवसाबद्दल विचारा.* फरक बघा.

'ताई, आरक्षणाची सोय केली तर चालेल ना?'
'चालेल की.'

झालं, बोलणं संपलं. आता असं:

'ताई, सकाळी कुलूप उघडलंत आणि पाच आरक्षणं आलेली दिसली. पुढे काय कराल?'
'पाच? मग आधी रॅकवर जावं लागेल. पण मी आत गेले तर टेबलावर कोण? शिपाई दहानंतर येतो.'

या एका उत्तरातून तुम्हाला आरक्षणाची वेळमर्यादा, कामाची वाटणी आणि 'आज राखा, उद्या न्या' हा नियम असं तिन्ही मिळतं.

खजिनदारांचा प्रश्नही असाच ठोस हवा. 'ऑनलाइन वर्गणी हवी का?' असं न विचारता खात्याचा उतारा समोर ठेवा आणि म्हणा, 'ही यूपीआयने आलेली रक्कम. ही कुणाची, कोणत्या वर्षाची, हे किर्दीत लिहिताना तुम्हाला कशावरून कळेल?' मग सभासद क्रमांक सक्तीचा हवा, व्यवहार क्रमांक पावतीवर हवा, मुलाने वडिलांची वर्गणी भरली तर काय करायचं, हे ते स्वतःच सांगतील. पैसे कापले गेले पण साइटवर 'अयशस्वी' दिसलं, तर सभासदाने कुणाला फोन करायचा, हेही तिथेच ठरवून घ्या.

गूगल फॉर्म? जरूर करा, पण भेटी झाल्यावर. काय विचारायचं हेच माहीत नसताना केलेल्या फॉर्मची उत्तरं नीटनेटकी दिसतात आणि उपयोगाची नसतात. पाच-सहा प्रश्नांपलीकडे जाऊ नका आणि तोच फॉर्म कागदावर छापून टेबलावरही ठेवा. नाहीतर जे ऑनलाइन आहेत त्यांनाच 'ऑनलाइन हवं का' असं विचारल्यासारखं होतं.

टप्पा ५ : भेटींचा क्रम

१. कर्मचारी
२. सभासद
३. खजिनदार आणि लेखापरीक्षक
४. कार्यकारी मंडळातले सदस्य, एकेकटे
५. सगळ्यांची मिळून बैठक, सर्वांत शेवटी

क्रम उलटा केला की काय होतं ते सांगायला नको. अध्यक्षांनी बैठकीत 'अभ्यासिकेची जागा ऑनलाइनच हवी' म्हटलं की लिपिक मान डोलावतो आणि जी अडचण त्याला दिसलेली असते ती त्याच्याजवळच राहते. खालून वर गेलात तर मंडळापुढे जाताना तुमच्या हातात टेबलावरची हकिगत असते.

कर्मचाऱ्यांना कार्यवाहांच्या खोलीत बोलावू नका, त्यांच्या जागेवर जा. संध्याकाळी देवघेवीला गर्दी असते ती वेळ टाळा. पण गर्दीच्या वेळी एकदा कोपऱ्यात नुसते उभे राहा. लोक काय विचारत येतात, फोन कशासाठी वाजतो, कोणती वही सारखी उघडली जाते, हे कुणी तोंडी सांगणार नाही इतकं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. 'अमुक पुस्तक आलंय का?' असा फोन सारखा येत असेल तर पहिल्या टप्प्यातल्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

एका भेटीला वीस-पंचवीस मिनिटं खूप झाली. शक्य असेल तर दोघांनी जा, एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. आणि ज्याने साइट बनवली त्याने विचारू नये. त्याला आपलं काम समजावून सांगायचा मोह आवरत नाही, मग अर्धी भेट खुलाशांत जाते.

*सावधान:* एकाचं मत दुसऱ्याला नावानिशी सांगू नका. 'लिपिक म्हणतात हे जमणार नाही' हे वाक्य कार्यवाहांच्या कानावर गेलं की लिपिक पुढच्या वेळी तुम्हाला 'चालेल की' एवढंच सांगणार.

टप्पा ६ : बोलणं झालं, आता वापरायला द्या

पहिल्या फेरीनंतर सुधारलेला, बोटाने चालवता येईल असा नमुना घ्या. आता मत विचारायचं नाही, काम द्यायचं. काम सांगताना बटणावरचा शब्द उच्चारू नका. 'आरक्षण करा' म्हटलंत तर माणूस 'आरक्षण' शब्द शोधून दाबेल आणि तुम्हाला वाटेल, जमलं. त्यापेक्षा अशी कामं द्या:

– 'मैत्रिणीने एक पुस्तक सुचवलंय. ते आपल्याकडे आहे का, आज आलात तर मिळेल का, ते बघा.'
– 'सासूबाईंची वर्गणी संपलीय. ती तुमच्या फोनवरून भरायचीय.' (पैसे भरण्याच्या आधीच्या पडद्यावर थांबवा.)
– 'उद्या सकाळी अभ्यासिकेत बसायचंय. जागा आहे का?'

सुरुवातीला एवढंच सांगा, की परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. मग गप्प बसा. या टप्प्यात हेच सगळ्यात कठीण. माणूस अडला की हात आपोआप पुढे जातो, 'वरती बघा, उजवीकडे'. तो अडलेला क्षण बघायलाच तुम्ही आलेले असता. त्याने विचारलंच, 'इथे दाबू का?' तर उलट विचारा, 'दाबल्यावर काय होईल असं वाटतं?'

तोंडाने 'सोपं आहे' म्हणणारा माणूस जर तीन वेळा मागे जाऊन आला असेल, तर वहीत मागे गेल्याचं लिहा. त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या बोटावर विश्वास ठेवा.

टप्पा ७ : नोंदी त्याच दिवशी

साध्या तक्त्यात सहा रकाने पुरतात: कोण (नाव नको, भूमिका), कोणती सोय, त्यांचे शब्द जसेच्या तसे, प्रत्यक्ष काय घडलं, आपल्याला काय वाटतं, काय ठरलं. तिसरा आणि पाचवा रकाना वेगळा ठेवण्यावर सगळं आहे. 'सभासदांना शोध अवघड वाटतो' ही नोंद नव्हे, तो तुमचा निष्कर्ष झाला. 'लेखकाचं नाव आधी टाकलं, काही आलं नाही, आडनाव टाकून पाहिलं नाही, फोन खाली ठेवला' ही नोंद. डेव्हलपरला दुसरीवरून काम करता येतं.

व्हॉट्सॲपवर आलेले आवाजी संदेश त्याच संध्याकाळी ऐकून तक्त्यात उतरवा, ते पुन्हा ऐकणं होत नाही.

नावं आणि मोबाइल क्रमांक तक्त्यात घेऊ नका आणि तक्ता ग्रुपवर टाकू नका. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. बालविभागातल्या मुलांना नमुना दाखवायचा असेल तर पालकांची परवानगी घ्या आणि पालकांना शेजारी बसवा.

*तपासा:* एखादी ओळ त्या भेटीला नसलेल्या माणसाला वाचायला द्या. काय घडलं हे त्याला तुम्हाला न विचारता कळलं, तरच नोंद पुरी झाली.

टप्पा ८ : मतं जुळत नाहीत तेव्हा

जुळणार नाहीतच. सभासद म्हणणार, राखलेलं पुस्तक आठवडाभर ठेवा. कर्मचारी म्हणणार, दोन दिवसांत न्या, टेबलामागे जागा नाही. इथे हात वर करून मतदान घेऊ नका. सभासद संख्येने नेहमीच जास्त असणार आणि पुस्तकं ठेवायला जागा कर्मचाऱ्यांनाच शोधावी लागणार. दोन्ही बाजूंचं कारण लिहा. सभासदाचं कारण बहुधा असतं, 'मी रविवारीच येऊ शकतो.' कर्मचाऱ्यांचं, 'न नेलेली पुस्तकं साचतात.' कारणं शेजारी ठेवली की वाट दिसते: येत्या रविवारपर्यंत राखायचं, सोमवारी सकाळी परत कपाटात. दिवसांच्या आकड्यावर भांडत बसलात तर हा तोडगा सुचणार नाही.

काही मागण्या मात्र तडजोडीच्या नसतात. थकबाकीदारांची नावं साइटवर लावा, अशी सूचना कुणीतरी करतंच. नाही म्हणा आणि कारण सांगा: वर्गणी थकली म्हणून कुणाची वैयक्तिक माहिती जगापुढे मांडायचा वाचनालयाला काय अधिकार? सूचनेमागची गरज वसुलीची आहे, तिचं उत्तर मुदत संपण्याआधी जाणाऱ्या आठवणीच्या संदेशात आहे. सरकत जाणारी लाल सूचनापट्टी, भेट देणाऱ्यांचा आकडा आणि मुखपृष्ठावर सर्व विश्वस्तांचे फोटो यांबद्दल मी काही बोलत नाही. तेवढं सोसावं लागतं, फक्त शोधाची चौकट त्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर मुदत घालून करून बघा: 'अभ्यासिकेची जागा तीन महिने महिन्याच्या हिशेबाने देऊ, मग टेबलावरची वही बघून ठरवू.'

टप्पा ९ : निर्णय लिहून परत पाठवा

एका पानात बसेल असा कागद करा. प्रत्येक सोयीपुढे 'आता', 'नंतर' किंवा 'नाही' आणि एका ओळीत कारण. उदाहरणार्थ:

– पुस्तक शोध : आता. कपाटात आहे की नाही हेही दिसेल, कारण फोन त्यासाठीच येतात.
– आरक्षण : आता, रविवारपर्यंत.
– दिवाळी अंक नोंदणी : आता, पण अंक घ्यायला येतानाच पैसे, कारण कुटुंबागणिक रक्कम बदलते.
– अभ्यासिका : आता, महिन्याच्या हिशेबाने, तीन महिने.
– देणगीचं बटण : नंतर. लेखापरीक्षकांचं लेखी मत आल्यावर.
– स्वतंत्र ॲप : नाही. आठवणीचा संदेश पुरेसा आहे.

हा कागद मंडळाच्या बैठकीआधी ज्यांच्याशी बोललात त्या सगळ्यांकडे जाऊ द्या, शिपायाकडेही. ज्याची सूचना नाकारली त्याला फोन करून सांगा. कागदावर 'नाही' वाचण्यापेक्षा ते ऐकायला बरं असतं. आणि आपलं म्हणणं ऐकलं तरी गेलं, एवढं त्याला कळतं.

बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'वेबसाइटबाबत चर्चा करणे' असं लिहू नका, चर्चा लोगोपासून सुरू होईल. 'सोबतच्या पत्रकातील सोयींच्या निर्णयांस मान्यता देणे' असं लिहा आणि पत्रक इतिवृत्ताला जोडा. पुढे कुणी 'हे कधी ठरलं?' म्हणालं तर तारीख दाखवता येते.

*सावधान:* मान्यतेनंतर आलेली प्रत्येक सूचना घ्या, पण ती 'पुढील फेरी' नावाच्या वेगळ्या यादीत, तारखेसह. चालू कामात मध्येच घातलेली एक छोटी सूचना डेव्हलपरचं आधीचं दोन दिवसांचं काम उलथवू शकते, आणि ते बिल कुणी द्यायचं यावर नवीनच चर्चा सुरू होते.

साइट सुरू झाल्यावर

देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. त्यात तारीख, कोणतं काम अडलं आणि ते शेवटी कसं केलं, एवढेच तीन रकाने. कर्मचारी लिहितील, सभासदालाही लिहू द्या. वही दर आठवड्याला डेव्हलपरकडे फोटो काढून पाठवायची, हे काम एका माणसाच्या नावावर टाका. आणि पुढची फेरी दिवाळी अंकांची नोंदणी आटोपल्यावर लगेच लावा. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हा होऊन गेलेली असते, साइट कुठे अडते ते सगळ्यांना ताजं आठवत असतं आणि वहीची पानं भरलेली असतात.